थंडीतला दुसरा वाक

त्या खोलीत शिरलं की आधी आवाज भेटायचा. चुईं-थप्प, चुईं-थप्प, दिवसभर, एका लयीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, मागच्या बाजूला कुणीतरी हातपंप मारतंय आणि पाणी काही लागत नाहीय. नंतर कळलं, तो हेलियमचा पंप. त्याच्या दमावर यंत्राच्या पोटात थंडी तयार होते. किती थंडी, तर जिच्या खाली आणखी थंडी असूच शकत नाही, तिच्या उंबरठ्यापर्यंत. बाहेर कोल्हापूरचं ऊन, कुंपणापलीकडे कुणाची तरी म्हैस चरतेय, आणि आत पिंपाएवढ्या भांड्यात हवासुद्धा गोठून घट्ट होईल असा गारठा. मी आठवी अर्धवट सोडलेली बाई. माझं काम फरशी पुसायचं, काचेच्या नळ्या धुवायचं, नायट्रोजनचं भांडं उचलू लागायचं. पण त्या यंत्राजवळून जाताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

माझं माहेर गोंदियाकडचं. धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. तिथून कोल्हापूर म्हणजे राज्याचं हे टोक आणि ते टोक. नवऱ्याला इथल्या फाउंड्रीत काम लागलं म्हणून आलो. पहिले काही महिने मला वाटायचं, सगळं गाव माझ्यावर रागावलंय. भाजीवाली ओरडायची, रिक्षावाला ओरडायचा, दूध घालणारा दारातून अशी हाक मारायचा की माझ्या हातातलं भांडं पडायचं. कुणी रागावलेलं नव्हतं. ही माणसं मायेनंही तशीच बोलतात. मी बोलण्यात सवयीनं 'जी' लावायची, तर दुकानात गेले की पोरं म्हणायची, "या जी, काय देऊ जी." घरी येऊन मी रडायची, आणि नवरा म्हणायचा, अगं, नाव ठेवलं म्हणजे ओळख झाली.

ही नोकरी घरमालकीणबाईंमुळं लागली. त्यांचा भाऊ त्या संशोधन केंद्रात लिपिक होता. कंत्राटाची नोकरी, पण सावलीतली, आणि पगार वेळेवर. बाईंचे उपकार मी अजून विसरलेली नाही. पण उपकारानं मिळालेल्या कामाची एक भीती असते. वाटत राहतं, आपल्या हातून काही बिघडलं तर ते आपल्यापुरतं राहायचं नाही, ज्यानं शब्द टाकला त्याच्याही तोंडाला काळं लागेल. म्हणून मी प्रत्येक नळी धुतल्यावर उजेडात धरून बघायची, मग पुन्हा धुवायची.

त्या यंत्रावर जिचं काम चालायचं ती मुलगी गारगोटीकडची. वडील शेतकरी, घरात दोन म्हशी, आणि ही एकटी शिकत शिकत इथवर आलेली. वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला ताई म्हणायची, कारण ती शिकलेली. ती मला वैनी म्हणायची, कारण मी लग्न झालेली. इथल्या बऱ्याच बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, ताईही तशीच बोलायची. मला आधी गंमत वाटायची, नंतर मीच एकदा आईला फोनवर "ठेवतो आता" म्हणाले, तर आई घाबरली.

यंत्राला लागणारा पातळ, गार नायट्रोजन आणायला आम्ही दोघी रिक्षानं जायचो. ते भांडं इथल्या गावागावांत सगळ्यांच्या ओळखीचं, कारण म्हशींना रेतन करायला येणारे डॉक्टर तसलंच भांडं गाडीला बांधून फिरतात. एकदा रिक्षावाल्यानं आरशातून बघत ताईला विचारलं, रेडा कुठला हाय, मुऱ्हा की पंढरपुरी? ताई हसली नाही. म्हणाली, "ह्यातनं रेडकू व्हत न्हाय, पावणं. ह्यातनं नुसता प्रबंध व्हतोय. आणि त्यो बी लई वर्षांनी."

ताईचा सगळा जीव एका स्फटिकात होता. दुर्मिळ मृदा म्हणतात त्या धातूंपैकी एक त्यात असतो. नाव ऐकून मला वाटलं होतं, सोन्यासारखं काहीतरी असेल. बघितलं तर काळपट, चमकदार, नखाएवढी कपची. अभ्रकासारखे पापुद्रे. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा पापुद्रा निघून यायचा, आणि खाली तसाच नवा. भट्टीत दिवसेंदिवस शिजवून, हळूहळू थंड करून ताईनं ते वाढवले होते. बरेच वाया गेले. जे चांगले निघाले ते ती प्लास्टिकच्या चिमट्यानंच उचलायची. लोखंडी चिमटा त्या टेबलावर चालायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं.

त्यात बघायचं काय असतं, ते मी एकदा धीर करून विचारलं. ताईनं फळा घेतला नाही की कागद घेतला नाही. म्हणाली, वैनी, जत्रेची पंगत बघितलीय न्हवं? जेवायच्या आधी माणसं कशी असतात? कोण हिकडं तोंड करून उभं, कोण तिकडं, पोरं पळताहेत. तसंच ह्या स्फटिकात. प्रत्येक अणू एक बारकं चुंबक, आणि उष्णता असंल तोवर प्रत्येकाचं तोंड भलतीकडंच. थंड करत गेलं की गडबड कमी होते. मग एका ठरावीक थंडीला कुणीतरी "बसा" म्हटल्यासारखी पंगत बसते. एका पापुद्र्यातल्या सगळ्यांची तोंडं पूर्वेला, पुढच्या पापुद्र्यातल्या सगळ्यांची पश्चिमेला, पाठीला पाठ लावून. त्यामुळं आत सगळं शिस्तीत बसलेलं असलं तरी बाहेरून बघणाऱ्याला चुंबकपणा जवळजवळ दिसतच नाही. पूर्वेचं पश्चिमेनं फिटतं.

मला ते इतकं समजलं की मी विचारलं, मग बाहेरून कळतं कसं? ताईनं संगणकावरची रेघ दाखवली. थंडी वाढत जाते तशी रेघ चढत जाते, आणि पंगत बसली की मान मोडल्यासारखी खाली वळते. "ह्यो वाक," ती म्हणाली. "हितं बसली."

स्फटिक यंत्रात सोडायचा तो एका चांदीच्या पट्टीला चिकटवून. चांदी चुंबकाकडं ओढली जात नाही आणि थंडी चटकन आतपर्यंत नेते, म्हणून. वीतभर लांब, काडीएवढी रुंद. ती पट्टी हुपरीच्या एका कारागिरानं केली होती. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, तिथं घरोघरी पैंजण घडतात. ताई त्यांना मामा म्हणायची. पट्टी नवी आली तेव्हा ताईनं ती स्फटिकाशिवाय, नुसतीच यंत्रात सोडून बघितली होती. रेघ सपाट आली. पट्टीचा स्वतःचा काही आवाज नाही, असं ठरलं.

मग एकदा बाहेर काढताना ती पट्टी अडकली आणि वाकली. आमची भाड्याची खोली हुपरीच्या रस्त्यालाच, तेव्हा सरळ करून आणायचं काम माझ्याकडं आलं. मामांनी मला खुर्ची दिली, त्यांच्या घरातून चहा आला, आणि पट्टी लाकडी ठोकणीनं अलगद सरळ झाली. मग परत देताना त्यांनी ती मोटारीवर फिरणाऱ्या कापडी चाकाला लावली. चाकाला लाल साबणाच्या वडीसारखं काहीतरी फासलेलं. क्षणात पट्टी अशी झाली की तीत माझं कुंकू दिसावं. पैसे घेतले नाहीत. शिकणाऱ्या पोरीचं काम हाय, म्हणाले. मी ती गुलाबी कागदात गुंडाळून, पदरात धरून आणली. ताई खूश झाली. स्पिरिटनं पुसली आणि वापरायला घेतली.

त्यानंतरच्या मोजणीत दुसरा वाक आला.

पहिला होता तिथंच होता. पण थंडी आणखी वाढवत नेली, तेव्हा खालच्या अंगाला रेघेला पुन्हा एक बाक पडला, लहानसा, पण स्पष्ट. ताई खुर्चीत पुढं सरकून बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, पुन्हा आला. मग तिनं मला समजावलं. बसलेली पंगत आणखी थंडीत बसल्या जागी तिरकी वळतेय, असा त्याचा अर्थ निघत होता. ह्या जातीच्या स्फटिकात असं तिच्या वाचण्यात कुठं आलेलं नव्हतं. तिच्या प्रबंधात तोवर जे होतं ते चांगलं होतं, पण त्यासारखं दुसऱ्यांनीही केलेलं. हा दुसरा वाक मात्र तिचा एकटीचा. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती, आणि तिनं शेवटचं मोठं प्रकरण त्या वाकावरच उभं केलं. एका परिषदेला त्याचा गोषवारा पाठवला. घरी वडलांना फोन करून सांगितलं. वडलांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी गावात पेढे वाटले.

ताईचे मार्गदर्शक, आमचे सर, शांत माणूस. ते रेघेकडं पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छान आहे, आता स्फटिक आडवा फिरवून लाव.

ह्यातलं कारण मला नंतर कळलं. पापुद्र्यांचा स्फटिक सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. बाहेरचं चुंबक पापुद्र्यांच्या अंगानं धरलं तर रेघ एक येते, आडवं धरलं तर वेगळी. पंगतीकडं समोरून बघणं आणि कडेनं बघणं, एवढा फरक. ताईनं फिरवून लावला. पहिला वाक खरंच बदलला, जवळजवळ सपाट झाला, व्हायला हवा तसा. दुसरा वाक होता तिथं, होता तेवढाच राहिला. केसभरही हलला नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ज्याला बाजू कळत नाही, तो स्फटिकातला नसावा. कुठून तरी लोखंड आलंय का बघ.

त्यांनी ते ताईला सांगितलं, आणि ते लागलं मला. लोखंड. माझा नवरा दिवसभर फाउंड्रीत असतो. त्याचे कपडे संध्याकाळी झटकले तर काळा धुरळा उडतो. एकाच बादलीत त्याचे कपडे आणि माझा ॲप्रन. एकाच दोरीवर वाळत. मला वाटलं, हे आपणच नेलंय, आपल्या अंगावरून, पदरावरून. त्या आठवड्यात मी ॲप्रन वेगळ्या पाण्यात धुतला, पुन्हा धुतला, दोरी बदलली, नवऱ्याला अंगणातच कपडे काढायला लावले. तो म्हणाला, अगं, शेजारी बघतात. मी त्याला कारण सांगितलं नाही. प्रयोगशाळेत यंत्राच्या खोलीत जायचं टाळायला लागले. ताई समोर आली की मला तिच्या वडलांनी वाटलेले पेढे आठवायचे.

शेवटी सहन होईना. ताई डबा खात होती, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. फाउंड्री, बादली, दोरी. सांगता सांगता माझं 'जी' परत आलं. "माझ्यामुळंच झालं असंल जी, ताई."

ताईनं पोळी खाली ठेवली. हात धुतले, कपाटातला जोरकस चुंबक काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माझ्या ॲप्रनवरून फिरवला. पिशवीला चार-दोन काळे कण लागले. मी डोळे मिटले. ती म्हणाली, थांबा की. मग तिनं तो स्वतःच्या ओढणीवरून फिरवला. कण लागले. खुर्चीच्या पाठीवरून, पायपुसण्यावरून, सरांच्या टेबलावरून फिरवला. कण लागले. खिडकीच्या कट्ट्यावरून फिरवला, तर पिशवीला सुरवंटासारख्या काळ्या मिशाच फुटल्या.

"बघितलासा?" ती म्हणाली. "अख्खं कोल्हापूर लोखंड झाडतंय, आणि तुमी एकट्या दोष घेऊन बसलाय व्हय? एवढं लोखंड असून आजपतोर रेघ सरळ यायची. म्हंजे ते ह्या धुळीतनं आत जात न्हाय. दुसरीकडनं गेलंय."

त्या दिवशी मला जे हलकं वाटलं, ते सांगता येत नाही. पण ताईचं ओझं तेवढंच राहिलं. ती उरलेला डबा न खाता उठली आणि म्हणाली, पट्टी नुसतीच सोडून बघतो. खरं तर परत बघायला पायजे होतं. पट्टी तीच हाय म्हणून मी जुन्याच मोजणीवर इसंबलो.

पट्टीवरचा स्फटिक सोडवला, पट्टी स्पिरिटनं पुसली आणि रिकामी आत सोडली. यंत्र थंड व्हायला वेळ लागतो, ताई पंपाचा आवाज ऐकत बसली. मी तिथं थांबायचं कारण नव्हतं, तरी मी फरशी पुसत राहिले. एकेक ठिपका उमटत गेला. पहिला वाक आला नाही, स्फटिकच नव्हता तर कुठून येणार. आणि खाली, त्याच थंडीला, तोच बाक.

ताईनं मला बोलावलं. विचारलं, हुपरीत पट्टीचं काय काय झालं ते आठवून सांगा. मी सांगितलं. ठोकणी, चहा, चाक, लाल वडी. "लाल?" तिनं विचारलं. लाल, गेरूसारखी, म्हटलं. ती उठून सरांकडं गेली, आणि परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. ती लाल पूड म्हणजे लोखंडाचा गंजच, बारीक दळलेला. चांदी-सोन्याला चकाकी आणायला वापरतात. त्याचे अतिबारीक कण पट्टीच्या अंगात बसले होते, आणि स्पिरिटला ते निघत नव्हते. कडाक्याच्या थंडीत ते कण जागच्या जागी थिजतात, आणि रेघेत बाक दिसतो, असं सर म्हणाले. तसं असावं. पण पट्टी वाकली तेव्हाच तिला दुसरं काही लागलं असेल, किंवा यंत्रालाच काही झालं असेल. खात्री करायची तर नवी पट्टी हवी, बिनपॉलिशची, आणि तिच्यावर तोच स्फटिक.

ताईला अजून आशा होती, हे मला दिसत होतं. पट्टीचा बाक वेगळा आणि स्फटिकाचा वेगळा, दोन्ही एकावर एक आले असतील, असं ती मधेच म्हणायची. सर म्हणायचे, नवी पट्टी येऊ दे.

आम्ही दोघी हुपरीला गेलो. मामा घडवायच्या जागी मांडी घालून बसलेले. ताईनं नवी पट्टी मागितली आणि सांगितलं, पॉलिश करायचं न्हाय.

"कमी करायचं म्हंता?"

"अजिबात न्हाय करायचं, मामा."

मामा हातातलं काम ठेवून तिच्याकडं बघत राहिले. पॉलिशशिवाय माल दारातून बाहेर गेला तर लोक काय म्हणतील, हे त्यांनी आम्हाला बराच वेळ समजावलं. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून असं कधी झालेलं नव्हतं. ताई म्हणाली, ती कुणाला दिसायचीच नाही, यंत्राच्या पोटात जाणार, तिथं अंधार असतो.

"अंधार असला म्हणून काय झालं?" मामा म्हणाले. "पैंजणाची आतली बाजू पायाला लागती, कुणाला दिसती? म्हणून आमी ती खरबरीत ठेवतो व्हय?"

मग ताईला खरं सांगावंच लागलं. लाल वडीत लोखंड असतं, ते पट्टीला लागलं, ते यंत्राला कळलं. मामांचा चेहरा बदलला. माझ्या चांदीत लोखंड? ते उठले आणि कोनाड्यातला चुंबक घेऊन आले. चांदीचा कीस वितळवायच्या आधी त्यात कानशीचं लोखंड गेलं असलं तर ते ह्या चुंबकानं काढून घेतात. तो त्यांनी आमच्या जुन्या पट्टीवरून सावकाश फिरवला, उलटा फिरवला, आणि पुढं धरला. एक कण नव्हता.

"बगा. काय हाय?"

"मामा, तुमचा चुंबक डोळ्यानं बघतोय," ताई म्हणाली. "आमचं यंत्र वास काढतंय."

ते मात्र त्यांना पटलं. चांदीचा कस काढणारा डोळ्याला न दिसणारी भेसळ पकडतो, ते त्यांच्या ओळखीचं असावं. चुंबक त्यांनी परत कोनाड्यात ठेवला. मग जरा हळू विचारलं, "म्हंजे तुझं जे काय बिघडलं, ते माझ्या हातानं व्हय?"

मी ताईकडं बघितलं. ती चटकन म्हणाली, "न्हाय मामा. तुमी मायेनं केलासा. मी परत तपासायला पायजे होतं, ते केलं न्हाय. चूक माझी."

मामांनी नवी पट्टी घडवली. शेवटी सौम्य तेजाबात उकळली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, चाकाला लावली नाही. हातात आली ती पांढरी फटक, चुना लावल्यासारखी, चांदी म्हणून कुणी ओळखली नसती. गुलाबी कागद काढायला लागले, तर ताईनं स्वतः आणलेली कोरी पिशवी पुढं केली. मामा म्हणाले, एवढ्यानं तरी काय बिघडतं? ताई म्हणाली, ठावं न्हाय, म्हणूनच. पैसे द्यायला लागली तर त्यांनी हात मागं घेतला. फक्त एक अट घातली. ही पट्टी कुणाच्या दुकानातली, ते कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पट्टी आधी रिकामी मोजली. रेघ सपाट. आता फक्त एकच प्रश्न उरला होता. ताईनं स्फटिक चिकटवला, उभा, पहिल्यासारखा. दिवा मी धरला होता. ती म्हणाली, वैनी, श्वास घ्या. स्वतः मात्र तिनं तो धरून ठेवलेला दिसत होता.

जेवणाची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. सर येऊन उभे राहिले. रेघ चढत आली, पहिल्या वाकाशी आली, वळली. ताई पुटपुटली, बसली. मग रेघ खाली उतरायला लागली. एकेक ठिपका पडायच्या आधी पंपाचे पुष्कळ ठोके व्हायचे. दुसऱ्या वाकाची जागा आली. ठिपका मागच्या ठिपक्याच्या ओळीतच पडला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. यंत्राला याहून थंड होता येत नव्हतं तिथपर्यंत ती रेघ साधी, सरळ उतरत गेली.

मला वाटलं, ताई रडेल. ती रडली नाही. तिनं शेवटचा ठिपका पडू दिला, आकडे साठवले, आणि म्हणाली, "न्हाय की हो, सर." सर म्हणाले, नाही. आणि थोड्या वेळानं, आता जे आहे ते पक्कं आहे. एवढंच म्हणून ते गेले. नंतर त्यांनी तिच्यासाठी मुदत वाढवून मागितली, ती मिळालीही, पण त्या दिवशी ते एवढंच बोलले.

ताईनं तिथंच बसून परिषदेला कळवलं की गोषवारा मागं घेते आहे. कारण द्यायची सक्ती नव्हती, तरी तिनं कारण लिहिलं. पट्टीची चकाकी, लाल पूड, सगळं. दुकानाचं नाव तेवढं लिहिलं नाही. मी म्हटलं, ताई, एवढं कशाला, नुसतं येत नाही म्हटलं तरी चाललं असतं. ती म्हणाली, आणखी कुणीतरी कुठंतरी चांदी घासून बसलेलं असंल, वैनी. त्याला बी कळू दे.

मग तिनं घरी फोन लावला. ती फोन कानापासून लांब धरून बोलायची, कारण तिचे वडील जोरात बोलायचे, त्यामुळं पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"आबा, ते दुसरं न्हाय. एकच हाय."

"न्हाय म्हंजे? गेलं कुठं?"

"नव्हतंच. पट्टीचं होतं."

पलीकडं म्हैस ओरडली. वडील म्हणाले, "आणि त्यो एक? त्यो तरी खरा हाय न्हवं?"

"व्हय. त्यो खरा हाय."

"मग लिव्ह की तेवढंच. पेढं काय, लोकांनी खाल्लं बी आन् इसरलं बी."

ताई हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ रेघेकडं बघत राहिली. मी विचारलं, चहा आणू का. ती म्हणाली, आणा, पण आधी यंत्र गरम करायला लावतो, स्फटिक बाहेर काढायला पायजे. आता ह्या पट्टीवर आडवा फिरवून लावायचा. एकच वाक हाय, तर त्यो सगळ्या बाजूंनी नीट बघितलेला पायजे.

मी चहा घेऊन आले तेव्हा तिनं प्लास्टिकचा चिमटा पुसून ठेवला होता, आणि माझ्यासाठी दिव्याजवळ दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती.